ठकूआत्याची तोंडतपासणी

कुणी समोर आलं की माणसं 'राम राम' म्हणतात, 'कसं काय' म्हणतात, पेठांमध्ये नुसतं 'हं' म्हणतात. वारज्याची ठकूआत्या म्हणायची, "आ कर."

समोरचा बावचळायचा. तोवर आत्याने कमरेला खोचलेली छोटी बॅटरी काढून पेटवलेलीही असायची. "कर की. म्या काय तुजं दात मोजाया न्हाई आले. गाल बगायचाय." आणि गंमत अशी, की माणूस खरंच आ करायचा. दूधवाला करायचा, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला करायचा, लेकाच्या फटफटीवरून चाललेली म्हातारी गाडी थांबवून करायची. आत्या डाव्या गालाच्या आत बघायची, उजव्या गालाच्या आत बघायची, जीभ वर उचलायला लावायची, आणि निकाल द्यायची. "जा. निर्मळ हाय." नाहीतर, "ह्ये पांढरं काय? कवापासून हाय? उद्या दवाखान्यात जायचं. न्हाई गेलीस तर परवा म्या न्हेईन, आन् म्या न्हेलं तर साऱ्या आळीला सांगत न्हेईन."

हे सगळं ती तोंडाच्या उजव्या बाजूने बोलायची. डावा गाल लाकडासारखा घट्ट झाला होता. तोंड मोठं उघडायचं तर तिचं स्वतःचंच उघडत नसे.

गाव महापालिकेत गेलं त्यानंतरच्या निवडणुकीतली गोष्ट. एक उमेदवार, पांढरे कपडे, गळ्यात हार, मागे पंचवीस-तीस पोरं, वाकून आत्याच्या पायाशी आला. "आत्या, आशीर्वाद द्या."

"आदी आ कर."

उमेदवाराच्या तोंडात गुटखा होता. तो हसला, मागे बघितलं, कोपऱ्यात जाऊन थुंकून आला. सगळ्यांसमोर आत्याने बॅटरी लावली. मग स्वतःची दोन बोटं जोडून त्याच्या दातांमध्ये उभी घालायला गेली. ती जाईनात.

"दोन बोटं जात न्हाईत तुज्या तोंडात," आत्या म्हणाली, "आन् भाषनं कसली करतूस? दवाखान्यात जा. मत देईन, पर कागद दावलास तर."

पोरं फिदीफिदी हसली. तो निवडणूक हरला आणि त्याचं खापर त्याने आत्यावर फोडलं. पण दवाखान्यात जाऊन आला होता, हे मला त्याच्या बायकोनेच नंतर सांगितलं.

एका लग्नात तर तिने वरमाईला मांडवातल्या झगमगाटाखाली धरलं. वरमाई मानपानाची वाट बघत खुर्चीत ताठ बसलेली, आणि ही समोर जाऊन म्हणते, "आ कर." वरमाई रुसली. यजमानांनी आत्याला ओढून नेलं. जाता जाता आत्या ओरडून सांगत होती, "उजव्या अंगाला हाय! दाढंच्या मागं! साडी मागनं द्या, आदी तिला डाक्टर दावा!"

साऱ्या वारज्यात तिने आतून बघितलं नाही असं तोंड उरलं नव्हतं. पण एक तोंड बघायचं राहिलं होतं, आणि तेच तिला हवं होतं. ते विश्रांतवाडीला होतं. तिच्या लेकीचं. मंदाचं. मंदाने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही असं ठरवलेलं होतं, आणि आईलाही आपल्या दारात उभं करायचं नाही असं.

आत्या आता नाही. तिच्याविषयी लिहायचं तर मला आधी मिश्रीविषयी लिहायला हवं, आणि मिश्रीविषयी लिहायला बसले की माझा आवाज चढतो. माझे वडील कामगार संघटनेचे. आमच्या घरात गादीखाली पत्रकं, माळ्यावर पत्रकं, पिठाच्या डब्यावर झाकण म्हणूनसुद्धा पत्रकांचा गठ्ठा. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. पुढे शहरात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली आणि राहायला स्वस्त म्हणून वारज्यात ठकूआत्याच्या मागच्या खोलीत आले. पहिल्या दिवशी मी तिला 'अहो आत्या' म्हटलं, तर म्हणाली, "म्या काय तलाठी हाय व्हय? तू म्हन." तेव्हापासून तू. आणि मी तिच्यासाठी 'कागदवाली'. "काय कागदवाले, आज कुनाच्या नावानं बोंब?"

तेव्हा आत्या मिश्रीची सम्राज्ञी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून भुकटी करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, सासू बोलली की एकदा, अशी होत जाते. पोरीची दाढ दुखली की आई बोटावर घेऊन तिच्या हिरडीला लावते. पोर शांत होते. पोरगी सासरी निघाली की आई तिच्या ट्रंकेत साड्यांखाली भरलेली डबी ठेवते. कंपनी या बायांच्या दाराशी येत नाही, जाहिरात करत नाही. जाहिरात करायला आई असते.

आत्याच्या हाताची मिश्री सगळ्या आळीला हवी असे. तिचा त्यासाठी वेगळा तवा होता. भाजताना ठसका लागायचा, डोळ्यांतून धारा लागायच्या, पण हात हलायचा थांबायचा नाही. सकाळी कामं उरकली की लिंबाखाली बाया जमायच्या, बोट तोंडात आणि गप्पा बोटाच्या कडेने. मी लाल होऊन बघत असायचे. पण हेही मला दिसत होतं, की दिवसभरात त्या बायांना कुणी हाक न मारणारा तेवढाच वेळ मिळत होता.

मी काय करणार? पत्रक काढलं. 'मिश्री नव्हे, विष!' अशा जाड अक्षरांत. छापखान्याच्या मालकाच्या मागे लागून उरल्यासुरल्या जाड कागदावर छापून घेतलं आणि घरोघर वाटलं. आत्याने तर शंभरेक मागून घेतली. मला भरून आलं. आठवड्याने बघते तर आळीतल्या प्रत्येक घरात, प्रत्येक कोनाड्यात माझं पत्रक. आत्याने त्याच्या पुड्या बांधून मिश्री वाटली होती.

"कागद ब्येस हाय तुजा," ती म्हणाली. "दमट व्हऊ देत न्हाई."

"आत्या, त्यावर काय लिहिलंय ठाऊक आहे?"

"न्हाई बा. काय ल्हिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आक्षी खरं हाय," आणि बोट पुडीत घातलं.

पुढे तिच्या डाव्या गालात आतून काहीतरी झालं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. दुखायचं म्हणून तिथे ती मिश्रीच लावायची. तिच्या आईने तिच्या दाढेला लावली होती, तिने मंदाच्या दाढेला लावली होती, तोंडातल्या दुखण्यावर दुसरं औषध त्या घराला माहीतच नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून, मान तिरकी करून खायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बगू नगं," ती म्हणाली. "मिश्रीनं बदिर व्हतंय."

"मिश्रीनंच झालंय ते, आत्या!"

"आसंल. पर थांबवतीबी तीच."

मी भांडले. तिच्या लेकाशी, बाळूशी भांडले. तो बिचारा वाईट नव्हता, घाबरट होता. शेवटी त्याने तिला फटफटीवर बसवून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं आणि मी बसने मागोमाग पोचले.

तिथला सर्जन तरुण होता, दमलेला होता आणि खोटं बोलत नव्हता. आत्याचा गाल बघून तो म्हणाला, "लगेच कापायचं तर गालाचा मोठा भाग, जबड्याचा तुकडा, सगळं काढावं लागेल. त्याआधी औषधाने गाठ लहान होते का बघू. नेहमी हे औषध हाताच्या शिरेतून देतात, ते अंगभर फिरतं. आपण तसं करणार नाही. इथं कानापुढे बोट ठेवा. ठोका लागतो ना? त्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकवायची आणि गालाला जे रक्त जातं त्यातच औषध सोडायचं. म्हणजे ते आधी गाठीवर जाईल."

आत्या ऐकत होती. "म्हंजी दारं धरायचं," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, की पाटाचं पाणी सगळ्या रानात न सोडता मातीचा बांध फोडून एकाच वाफ्याला वळवतात, त्याला दारं धरणं म्हणतात.

"हां, तसंच," डॉक्टर म्हणाला.

"आन् वाफा जळला तर?"

"थोडा जळणार," डॉक्टर म्हणाला. "ते आत्ताच सांगून ठेवतो."

"खरं बोलतुया पोरगं," आत्याने मला सांगितलं. "आ कर" तिने तेव्हा त्याला म्हटलं नाही, कारण तोवर तिला ते सुचलेलं नव्हतं.

कानापुढची जागा बधिर करून नळी घातली. ती नेमकी कुठे पोचली हे बघायला डॉक्टर नळीतून थोडा निळा रंग सोडतात. जिथली कातडी निळी होते तिथवर औषध जाणार. पहिल्यांदा रंग सोडला तर आत्याचं कपाळ निळं झालं. गाल तसाच. डॉक्टर चुकचुकला. "पत्ता चुकला," आत्या डोळे मिटून म्हणाली. "मागं घ्या जरा. वळनावर हाय घर." नळी मागेपुढे करून पुन्हा रंग सोडला, तेव्हा डावा गाल कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत निळाशार झाला. बाळू बाहेर बाकावर बसला होता, तो आईला स्ट्रेचरवरून आणताना बघून रडायलाच लागला.

"रडतूस कशाला? माजी येकटीची रंगपंचमी हाय," आत्या म्हणाली.

रंग उतरला, नळी राहिली. आतल्या रक्ताचा जोर मोठा, बाटली खाली असली तर रक्तच उलटं नळीत चढायचं. म्हणून वॉर्डबॉयने स्टँडला बांबू बांधून आत्याची बाटली छताजवळ नेली होती. इतरांच्या बाटल्या हाताला लागतील अशा. आत्याला त्याचा फार अभिमान. भेटायला आलेल्याला ती आधी वर बघायला लावायची. "सरपंचाच्या घरावरचा झेंडाबी येवडा उंच न्हाई."

हे सगळं हसत सांगितलंय खरं, पण औषध चढायला लागलं तसा वाफा जळायला लागला. गाल आतून सोलून निघाला. पाण्याचा घोट घेतला की ती चादर मुठीत धरायची. बोलायला लागली की शब्दांआधी लाळ यायची आणि ती शरमून पदर ओठांवर धरायची. एवढी तोंडाची फटकळ बाई, पण ओरडली नाही. एकदाच मला म्हणाली, "कागदवाले, ह्ये ल्हिव. त्ये इष-बिष नगं ल्हिवू. ह्ये ल्हिव."

त्या वॉर्डात बायका जास्त नव्हत्या, पण ज्या होत्या त्यांतल्या बहुतेक मिश्रीवाल्या. सिस्टर प्रत्येकीला बॅटरीने तपासायची, पांढरा चट्टा कसा असतो, लाल कसा असतो, काय साधं आणि काय धोक्याचं, ते आत्याने तिच्याकडून शिकून घेतलं. आणि गप्पांचा विषय काढायचा म्हणून तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, "तुला कुनी लावली गं मिश्री?"

"आईनं," ती म्हणाली.

पलीकडची म्हणाली, "माज्याबी आईनंच. पोटुशी व्हते तवा."

खिडकीजवळची एक तरुण मुलगी होती, तिचं लग्नही झालं नव्हतं. तिला बोलता येत नव्हतं. तिने हाताने दाखवलं, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर पदर. आई.

त्या दिवशी आत्याने पेजेची वाटी तशीच परत केली. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, दुखतंय. मग म्हणाली, "मंदीला म्या पाच-सा वर्सांची आसताना लावली. दाढ किडली व्हती. लग्नात डबी दिली. पितळंची."

 त्या दिवसापासून तिच्या गालाची तिला फिकीर राहिली नाही. एकच गोष्ट उरली: मंदाचं तोंड कसं आहे.

गाठ लहान झाली. डॉक्टरला वाटलं होतं त्याहूनही लहान. नळी काढली, शेकाचे, म्हणजे किरणांचे, उपचार झाले, कापायची वेळ तूर्त टळली आणि आत्या घरी आली. आल्या आल्या मिश्रीचा तवा तिने भंगारवाल्याला दिला, पण आधी त्याला आ करायला लावलं. लिंबाखालची बैठक तिने मोडली नाही. तिथे बसूनच एकेकीचं तोंड बघायला सुरुवात केली. बाया चिडायच्या. "आत्या, तूच तर दिलीस की आम्हांला!" तर ती म्हणायची, "म्हनून तर बगते. म्या भाजलीया, म्याच बगनार." जिच्या तोंडात काही दिसायचं तिला घेऊन ती खरंच बसने इस्पितळात जायची आणि सिस्टरसमोर उभी करायची. सिस्टर वैतागून म्हणायची, "आत्या, तुम्ही आता पगार घ्या आमच्याकडून."

मंदाविषयी मात्र ती कुणाशी बोलत नव्हती. मला ती गोष्ट आळीकडून कळली. कात्रजहून येणारा मोठा रस्ता झाला, वारज्याच्या रानांना सोन्याचा भाव आला आणि बिल्डर आले. जमीन विकायच्या आधी बहिणींच्या सह्या लागतात. आपला हक्क सोडला म्हणून. आमच्याकडे याला कागदावर हक्कसोड म्हणतात आणि घरात माया म्हणतात. बहिणीला साडी-चोळी करतात, गोडाधोडाचं जेवण करतात, टॅक्सीने कचेरीत नेतात आणि सही घेतात. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. मंदाच्या नवऱ्याचा कारखाना तेव्हा बंद पडला होता. तिला हिस्सा हवा होता. ती तो मागायला आली आणि आत्याने, या माझ्या आत्याने, तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "भावाचं घर मोडून तुजं बांदायचंय व्हय? सही कर, न्हाईतर म्या मेले आसं समज." मंदाने सही केली. साडी तिथेच खुर्चीवर ठेवली. त्यानंतर आली नाही.

हे मला कळलं तेव्हा मी आत्याशी दोन दिवस बोलले नाही. जगातल्या सगळ्या अन्यायांवर मी पत्रकं लिहीत होते आणि ज्या घराला भाडं देत होते ते त्याच पैशांवर उभं होतं. तिसऱ्या दिवशी आत्या माझ्या दारात आली. म्हणाली, "तुला समाजलं जनू." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मंग बोलू नगंस. मलाबी माज्याशी बोलावंसं वाटत न्हाई." आणि उंबऱ्यावर बसून राहिली. अशा बाईवर रागावून किती वेळ राहायचं?

दुखणं परत आलं. या खेपेला गालातून बाहेर, जबड्याखाली. पुन्हा तोच वॉर्ड, पुन्हा नळी, पुन्हा निळा गाल. डॉक्टरने बाळूला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की या वेळी औषध फक्त दुखणं थोडं आवरण्यासाठी आहे. आत्याला कुणी काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. नाकातून पेजेची नळी होती, बोलणं जेमतेम. एके दिवशी मी बसले असताना तिने माझी पिशवी चाचपली.

"कागुद हायती?"

"आहेत की."

"विश्रांतवाडीला वाटलं का कदी?"

"नाही अजून."

"वाट की," आत्या छताकडे बघत म्हणाली. "तिकडंबी मान्सं ऱ्हात्यात."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. आळंदी रस्त्याच्या आत, दोन खोल्यांचं घर, दाराशी शिवणयंत्र आणि यंत्रावर मंदा. आईचंच नाक, आईचीच मान ताठ. मी कुठून आले ते सांगितलं, तर तिने पायडल थांबवलं नाही.

"आता कशावर सही हवीय?"

"सही नको. आत्या आजारी आहे. गालाचा कॅन्सर आहे. मिश्रीने झालाय."

पायडल थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात. "मग?"

"तिला एवढंच कळायला हवंय, की तुमचं तोंड कसं आहे. तुम्ही मिश्री लावता का अजून?"

मंदा हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "कचेरीतनं सही करून आले ना, तशी घरी आले आणि ट्रंक उघडली. तिनं दिलेली डबी होती, भरलेली. तेव्हा दिवसातनं चार-चारदा लावायची मी. म्हटलं, त्या घरचं आता ह्या तोंडात काही घालायचं नाही. डबीसकट गटारात टाकली. महिनाभर डोकं फुटायचं, हात कापायचे. टाचण्या सांडायच्या. पण नाही लावली. दुकानातनंसुद्धा नाही आणली. तिच्यावरच्या रागानं सोडली, दुसऱ्या कशानं नाही. हे सांगा तिला."

"तुम्हीच येऊन सांगता का?"

"नाही."

मी चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला. "खाती काय ती?"

"पेज. नाकातल्या नळीने."

मंदाने कापड खाली घेतलं आणि दातांनी धागा तोडला. दात स्वच्छ होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी तशीच इस्पितळात आले. भेटीची वेळ संपत आली होती. आत्याच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. गाळावंसं वाटत होतं, पण तिच्याशी खोटं बोलायची सवय आम्हांला कुणालाच नव्हती.

"टाकली?" आत्या म्हणाली.

"टाकली."

"डबीसकट?"

"डबीसकट. गटारात."

"पितळंची व्हती," आत्या म्हणाली. आणि मग तिचा उजवा गाल हलायला लागला. ती हसत होती. खांदे गदगदायला लागले, वरची बाटली डुलायला लागली, नळीत रक्त वर चढलं. सिस्टर धावत आली. "अहो आत्या, नळी निघेल! काय झालं एवढं हसायला?" आत्याला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत उशीवर उतरत होतं आणि त्यातलं हसण्याचं कुठलं, ते सिस्टरला कळेना, मलाही कळेना.

शांत झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"राग हाय म्हनली?"

"आहे."

"लई?"

"लई. तुझं नाव काढलं की मशीन जोरात चालवते."

आत्याने समाधानाने डोळे मिटले. मला राहवेना. मी म्हटलं, "आत्या, मी पुन्हा जाते. समजावते तिला. शेवटी आई आहेस तू. घेऊन येते."

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"खबरदार," ती म्हणाली. "आनू नगंस. हितं येईल, मला बगंल, राग जाईल तिचा. मंग?"

"गेला तर गेला! तिची सवय सुटलीय आता, आत्या. राग गेला म्हणून ती पुन्हा थोडीच लावणार आहे?"

"तुला तलप ठाव न्हाई," आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे राग. आसंल तवर ऱ्हाऊ दे."

मी पुष्कळ वाद घातला. वाद घालणं मला येतं. पण आत्याने तोंड फिरवून घेतलं आणि मी थांबले. मंदा आली ती सगळं झाल्यावर, स्मशानातून माणसं परतल्यावर, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

त्या वादानंतर आत्या थोडेच दिवस होती. शेजारच्या खाटेवर शिरवळकडची एक बाई नवीन दाखल झाली. तिच्या तीन लेकी पाळीपाळीने डबे घेऊन यायच्या, केस विंचरायच्या, पाय चेपायच्या. एक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हे ती बाई सगळ्या वॉर्डला ऐकवायची. भेटीच्या वेळी आत्याच्या खाटेशी मी आणि बाळू, दोघंच.

एकदा त्या बाईने आत्याला विचारलं, "तुमाला लेक न्हाई व्हय?"

"हाय की."

"मंग येत न्हाई ती?"

आत्याने मला खूण केली. मी तिला उशीला टेकवून जरा वर बसवलं. तिने हाताने पदर सारखा केला, निळसर गालावरून तो कानामागे घेतला.

"न्हाई येत," ती म्हणाली. "लई रागाची हाय माजी लेक."